पान दिसतंय, म्हणून काम झालं?

वाचनालयाच्या प्रकल्पाच्या तुमच्या सगळ्या फायली मी तपासल्या. गुण अजून कुणालाही दिलेले नाहीत. त्याआधी तुमच्याशी बोलणं गरजेचं आहे आणि आज मी गोड बोलणार नाही.

मुदत संपलेल्या पुस्तकांच्या यादीचं पान उघडा आणि त्याचा सोर्स बघा. पडद्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, परतीची तारीख आणि दंड एवढंच दिसतं. सोर्समध्ये मात्र सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि घरचे पत्ते एकामागून एक पडलेले आहेत. ते एका डिव्हमध्ये गुंडाळून सीएसएसनं अदृश्य केले आहेत, आणि हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एकाची फाइल बऱ्याच जणांनी उचलली, हेही मला दिसतंय. कारण विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, तो मजकूर आपोआप येत होता. कुठून येतो ते कळेना, म्हणून लपवला."

कळेना, तर शोधायचं होतं. विचारायचं होतं. हे वाचनालय तुमच्या कल्पनेतलं नाही, चाचणीसाठी त्यांनी खऱ्या सभासदांची नोंद विश्वासानं तुमच्या हातात दिली आहे. त्यात एकट्या राहणाऱ्या बायका आहेत, म्हातारी माणसं आहेत. त्यांचा पत्ता आणि फोन कुणालाही दोन क्लिकमध्ये मिळेल अशी सोय तुम्ही केलीत आणि वर "पान नीट दिसतंय" म्हणून मोकळे झालात. ही पानं वर्ग सुटल्याबरोबर सर्व्हरवरून उतरवायची. बाकीचं नंतर.

आता तो मजकूर कुठून येतो ते ऐका, कारण हे पहिल्याच तासाला शिकवलेलं आहे. एक्सएसएलटीमध्ये तुम्ही एकही टेम्प्लेट लिहिलं नाही तरी काही नियम मुळातच असतात. ज्या घटकासाठी तुम्ही नियम दिलेला नाही त्याच्या आत प्रोसेसर शिरतो, त्याच्या मुलांकडे जातो आणि शेवटी मजकुराचा तुकडा हाती लागला की तो जसाच्या तसा आउटपुटमध्ये टाकतो. तुम्ही पुस्तकासाठी टेम्प्लेट लिहिलंत. शेजारच्या सभासदाच्या घटकासाठी काहीच लिहिलं नाहीत, आणि वर मुळाशी 'अप्लाय-टेम्प्लेट्स' सिलेक्ट न देता सोडून दिलंत. मग सभासदाच्या पोटातलं सगळं बाहेर येणारच. उपाय एका ओळीचा होता, सभासद या घटकाला मॅच करणारं रिकामं टेम्प्लेट. किंवा सिलेक्टमध्ये फक्त पुस्तकं निवडायची. ती एक ओळ लिहायचे कष्ट टाळून तुम्ही सीएसएसकडे धावलात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण हुशार म्हणवून घेणाऱ्यांसाठी आणखी एक. ज्यांनी ते रिकामं टेम्प्लेट बरोबर लिहिलं, त्यांतल्या काहींनी रूपांतर ब्राउझरवर सोपवलं आहे. एक्सएमएलच्या डोक्यावर स्टाइलशीटचा पत्ता देणारी सूचना लिहिली की ब्राउझर स्वतःच पान तयार करतो, हे खरं. पण तेव्हा मूळ एक्सएमएल संपूर्ण ब्राउझरकडे जातं. तुमचं टेम्प्लेट कितीही शहाणं असो, फोन क्रमांक वाचकाच्या यंत्रावर पोचलेला असतोच. जे वाचकानं बघायचं नाही ते अॅप्लिकेशननं त्या आउटपुटमध्ये घालताच कामा नये. स्टाइलशीटला कुलूप समजू नका.

आणि ब्राउझरवर विसंबायचं कारणही उरलेलं नाही. ब्राउझर मंडळी एक्सएसएलटी १.० च्या पुढे कधी गेलीच नाहीत. २.० ची शिफारस २००७ मध्ये आली, ३.० ची २०१७ मध्ये, आणि ब्राउझर १९९९ मध्येच थांबलेले. २०२५ मध्ये तर क्रोमनं ही सोय काढूनच टाकण्याचा इरादा जाहीर केला. तुमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. ज्या हत्यारावर सगळं काम उभं करायचं त्याची बातमी ठेवायला नको?

आता मुळावर येते. तुमच्या सगळ्या चुकांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे. तुम्ही पानाकडे बघत बसलात आणि एक्सएमएलकडे पाहिलंच नाहीत. कुणीही ती फाइल सावकाश वाचलेली नाही. कोणता घटक कुणाच्या पोटात आहे, कोणता एकदाच येतो, कोणता अनेकदा येतो, कोणता कधी कधी गायब असतो, हे कुणी कागदावर काढलेलं नाही. मी झाडाचं चित्र काढून आणा म्हटलं होतं. आलं का एकाचं तरी?

त्याचा परिणाम दंडाच्या बेरजेत बघा. यादीच्या तळाशी एकूण दंडाच्या जागी एका पानावर "एनएएन" अशी इंग्रजी अक्षरं छापली गेली आहेत. संख्याच नाही, असा त्याचा अर्थ. आणि ज्यानं ते सादर केलं त्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. असं का झालं? कारण तुमच्या अॅप्लिकेशननं एक्सएमएलमध्ये दंडाची रक्कम देवनागरी अंकांत लिहिली होती. मराठी वाचनालय आहे, मराठी अंक हवेत, हा विचार चांगला आहे. त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. पण एक्सपाथला संख्या म्हणून शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच कळतात. देवनागरीतला शंभर त्याच्या लेखी नुसता मजकूर आहे. एक रक्कम अशी आली की सगळी बेरीज बाद.

तारखांचंही तेच. एक्सएमएलमध्ये "१५ मार्च" असं लिहिलंत, आणि एकानं तर तिथेच ठळक अक्षरांचा टॅगही घातला. मग परतीच्या तारखेनुसार क्रम लावायला गेलात तेव्हा मार्चच्या आधी एप्रिल आणि एप्रिलच्या आधी ऑगस्ट. रडत माझ्याकडे आलात की एक्सएसएलटीचं सॉर्टिंग बिघडलेलं आहे. सॉर्टिंग ठणठणीत आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, प्रत्येकाला ठरलेली जागा, एकेरी आकड्याआधी शून्य, अशा रीतीनं तारीख लिहिली असतीत तर नुसत्या मजकुराच्या क्रमानंही ती बरोबर लागली असती. रकमेचं मात्र तसं नाही. सॉर्टमध्ये डेटा-टाइप सांगितला नाही तर प्रोसेसर मजकूर समजूनच क्रम लावतो आणि शंभर रुपयांचा दंड नऊ रुपयांच्या आधी येतो. तिथे नंबर असं लिहावंच लागतं.

अॅप्लिकेशनच्या आउटपुटमध्ये काय असावं? आशय असावा. रक्कम रक्कम म्हणून, तारीख तारीख म्हणून, यंत्राला कळेल अशा रूपात. ती वाचकाला मराठीत कशी दाखवायची, ठळक की तिरकी, डाव्या कडेला की उजव्या, हे काम स्टाइलशीटचं. उद्या वाचनालयानं सांगितलं की आम्हाला हीच यादी छापील पत्रासाठी हवी, मोबाइलसाठी हवी, जिल्हा ग्रंथालयाच्या कार्यालयाला पाठवायला हवी, तर दर वेळी अॅप्लिकेशनचा कोड फोडणार आहात का? एक आउटपुट आणि त्यावर तीन स्टाइलशीट, यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. तुम्ही आउटपुटमध्येच मेकअप केलात, मग स्टाइलशीट लिहिण्यात अर्थ काय राहिला?

मराठी अंकांसाठी एकानं दहा अटींची चळत रचली आहे, शून्य असेल तर हे, एक असेल तर ते, आणि प्रत्येक अंकासाठी टेम्प्लेट पुन्हा स्वतःलाच हाक मारतं. साठ ओळी. एक्सपाथमध्ये ट्रान्सलेट नावाचं फंक्शन १९९९ पासून आहे. त्याला मूळ मजकूर द्यायचा, मग दहा इंग्रजी अंक, मग दहा देवनागरी अंक. संपलं. एका ओळीत काम होतं. आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर २.० पासून फॉरमॅट-नंबरच्या नमुन्यात स्वल्पविराम जिथे हवेत तिथे द्या, तो ते तसेच मानतो. पुस्तक उघडून फंक्शनांची यादी वाचायला एक दुपार पुरली असती. त्या साठ ओळी लिहायला किती वेळ गेला असेल याचा विचार करा.

आता तो तक्ता. पुस्तकांची मुखपृष्ठं एका ओळीत तीन अशी दाखवायची होती. तुमच्या डोक्यात पीएचपी. पहिल्या पुस्तकाला टीआर उघडा, तिसऱ्याला बंद करा. पण स्टाइलशीट हे स्वतःच एक्सएमएल आहे. त्यात टॅग अर्धा उघडून सोडता येत नाही, पार्सर लगेच अडवतो. त्यानं अडवलं तेव्हा तुम्हाला कळायला हवं होतं की आपली विचाराची दिशाच चुकते आहे. तुम्ही काय केलंत? टॅगचे कोन एस्केप करून मजकूर म्हणून लिहिले आणि 'डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग' लावून प्रोसेसरचं तोंड बंद केलंत.

हे मी अजिबात खपवून घेणार नाही. पहिलं म्हणजे कोणत्याही प्रोसेसरवर ती सोय पुरवण्याची सक्ती नाही. फायरफॉक्स ती मानतच नाही, तिथे तुमचा तक्ता मोडून कोनांसकट टीआर पानावर उमटतो. दुसरं त्याहून गंभीर आहे. एकदा सवय लागली की माणूस ते सगळीकडे लावतो, आणि लावलंतच. वाचकांच्या अभिप्रायांवरही ते लावलेलं आहे, कारण अभिप्रायात कुणाला ठळक अक्षरं हवी होती. म्हणजे उद्या कुणी अभिप्रायाच्या चौकटीत स्क्रिप्ट टॅग लिहिला तर तो प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणार. एक्सएसएलटी मजकुरातलं धोक्याचं चिन्ह आपणहून निष्प्रभ करते. कुणी न सांगता केलेलं ते संरक्षण तुम्ही स्वतःच्या हातानं काढलंत.

तीन-तीनची ओळ कशी करायची? पुस्तकांतून आधी फक्त तीच निवडा ज्यांच्या क्रमाला तीननं भागल्यावर एक उरतो. पहिलं, चौथं, सातवं. त्या प्रत्येकासाठी पूर्ण टीआर, उघडलेला आणि बंद केलेला. त्याच्या आत ते पुस्तक आणि त्याच्या पाठची पहिली दोन भावंडं. एक्सपाथमध्ये पाठच्या भावंडांचा अक्ष आहे, 'फॉलोइंग-सिब्लिंग'. शेवटच्या ओळीत एकच पुस्तक उरलं तरी काही बिघडत नाही. यात कुठे क्रमाचा हिशेब ठेवायचा नाही, कुठे चल वाढवायचा नाही. चल वाढवता येतच नाही, म्हणून भाषा अपुरी आहे असं एकानं अहवालात लिहिलं आहे. भाषा अपुरी नाही. इथे व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की ती बदलत नाही, हे जाणूनबुजून केलेलं आहे. कोणतं टेम्प्लेट आधी चाललं आणि कोणतं नंतर याचा निकालावर परिणाम होऊ नये म्हणून. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी १.० ची शिफारस प्रसिद्ध झाली. ती भाषा डीएसएसएसएल या जुन्या स्टाइलशीट-भाषेच्या पोटातून आली, आणि डीएसएसएसएल स्कीम या भाषेवर उभी होती. वंश समजून घेतला असतात तर तिला जावाच्या मापानं मोजायला गेला नसतात.

म्हणूनच तुमच्या फायलींत एकच भलंमोठं टेम्प्लेट आणि त्यात एकात एक पाच फॉर-ईच दिसतात. टपाल कार्यालयातला वर्गीकरण करणारा माणूस आज कोणती पत्रं येणार हे आधी लिहून ठेवत नाही. पत्र हातात येतं, पिनकोड बघून तो ते त्या खान्यात टाकतो. टेम्प्लेट तसं लिहायचं असतं. पुस्तक आलं तर हे, मासिक आलं तर हे, लेखकाचं नाव आलं तर हे. मग अॅप्लिकेशननं उद्या दिवाळी अंक नावाचा नवा घटक आणला तर एक नवं टेम्प्लेट पुरतं, जुन्याला हात लावावा लागत नाही. तुमच्या पाच फॉर-ईचच्या गुंत्यात दिवाळी अंक घालून दाखवा. फॉर-ईच वापरूच नये असं मी म्हणत नाही, सारणी काढताना तो योग्यच असतो. पण दुसरं काही येत नाही म्हणून तो वापरायचा, हे मला मान्य नाही.

नेमस्पेसबद्दल थोडक्यात. कोरं पान येतंय, मॅचच होत नाही, अशी तक्रार निम्म्या वर्गानं केली. एक्सएमएलच्या मुळावर डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली आहे. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कोणत्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. तुम्ही "पुस्तक" शोधता आहात आणि त्या फाइलमध्ये तसं पुस्तक एकही नाही. स्टाइलशीटमध्ये त्याच पत्त्याला एक उपसर्ग बांधा आणि तो उपसर्ग लावून शोधा. तुम्ही मात्र सगळीकडे तारांकन आणि 'लोकल-नेम' पेरत सुटलात. चाललं खरं, पण आता वाचनालयाचं पुस्तक आणि दुसऱ्या कुणाच्या नेमस्पेसमधलं पुस्तक यांत तुमच्या कोडला फरकच कळत नाही.

सर्वांत वाईट गोष्ट मात्र स्टाइलशीटच्या अलीकडे घडली आहे, आणि ती सांगताना मला खरंच वाईट वाटतं. सर्व्हलेटमध्ये तुम्ही एक्सएमएल शब्दांना शब्द जोडून बनवता. एका प्रकाशकाच्या नावात अँपरसँडचं चिन्ह होतं. पार्सर कोलमडला. लिहिण्यासाठी एक्सएमएलस्ट्रीमरायटर वापरला असता तर त्यानं ते चिन्ह स्वतःच नीट करून लिहिलं असतं. तुमच्या गटानं काय केलं? डेटाबेसमध्ये जाऊन प्रकाशकाच्या नावातलं ते चिन्ह काढून "आणि" असं केलं. वाचनालयाची नोंद बदलली! ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं पुस्तकाच्या शीर्षकपानावर जसं आहे तसं नाव नोंदवलं. तुमचा कोड चालावा म्हणून तुम्ही त्यांची नोंद खोटी केलीत, त्यांना न विचारता. मूळ प्रतीवरून ते नाव पूर्ववत करा आणि ग्रंथपालांना स्वतः जाऊन सांगा. फोनवर नाही, समोर जाऊन.

सर्व्हरच्या बाजूचं एक राहिलं. प्रत्येक विनंतीला तुम्ही स्टाइलशीट पुन्हा वाचता, पुन्हा पार्स करता, पुन्हा कंपाइल करता. जावामध्ये यासाठी 'टेम्प्लेट्स' नावाचा ऑब्जेक्ट आहे, एकदा बनवा, साठवून ठेवा, कितीही थ्रेड्सनी वापरला तरी चालतो. त्याच्यापासून बनवलेला 'ट्रान्सफॉर्मर' मात्र दोन थ्रेड्सनी एकाच वेळी वापरायचा नाही. काहींनी नेमकं उलटं केलं आहे, एकच ट्रान्सफॉर्मर स्टॅटिक ठेवला आहे. दोन वाचकांनी एकदम पान मागितलं की एकाचं दुसऱ्याला जाईल.

आणि ती पळवाट. "मॅडम, एक्सएमएल आता कोण वापरतं, सगळीकडे जेसन आहे." नवीन अॅप्लिकेशनला जेसन पुष्कळदा जास्त सोयीचं, हे मीच तुम्हाला शिकवते. पण तुमच्या आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल उघडा, एक्सएमएल. तुमच्या घरच्या दुकानातल्या टॅलीतून नोंदी बाहेर काढा, एक्सएमएल. वर्डची फाइल झिपसारखी सोडवा, आत एक्सएमएल. बँकांचे आयएसओ २००२२ चे संदेश एक्सएमएलमध्ये जातात. नोकरीला लागल्यावर हे सगळं तुमच्या टेबलावर येणार आहे, आणि तिथे समोर माणसांचे पैसे असतील. आपल्याला येत नाही ते कालबाह्य आहे असं ठरवून टाकायची सवय आत्ताच मोडा.

तुम्ही मठ्ठ नाही आहात. याच वर्गातल्या एका मुलीनं लेखकवार गटांसाठी 'की' आणि 'जनरेट-आयडी' वापरून मुएंकची पद्धत कुणी न सांगता शोधून लावली आहे. ऑरॅकलमधल्या स्टीव्ह मुएंक यांच्या नावानं ती ओळखली जाते, आणि १.० मध्ये गट पाडायचा तोच स्वच्छ मार्ग आहे. तिची फाइल चाळीस ओळींची आहे. बाकीच्यांनी प्रत्येक पुस्तकासाठी मागची सगळी पुस्तकं तपासली, आणि हजार पुस्तकांवर पान उघडायला चहा पिऊन यावं लागतं. तिला जमलं कारण ती बसली, तिनं वाचलं. तुमच्याकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे, आणि ती सोडून देण्याएवढी मी तुमच्याबद्दल निराश झालेली नाही. झाले असते तर गुण देऊन मोकळी झाले असते.

सोमवारी नव्यानं सादर करायचं. आधी एक्सएमएलच्या झाडाचं हातानं काढलेलं चित्र, मग स्टाइलशीट. डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग एकदाही दिसता कामा नये. मी प्रत्येकाला समोर बसवून कोणत्याही एका टेम्प्लेटवर बोट ठेवीन, आणि ते कोणत्या घटकासाठी आहे, ते काढलं तर काय होईल, हे तुम्ही तोंडी सांगायचं. ज्याला सांगता येईल त्याच्या जर्नलवर सही होईल. ज्याला येणार नाही त्याची टर्म ग्रँट होणार नाही, आणि त्यासाठी घरच्यांना घेऊन माझ्याकडे येऊ नका.